पोटभाडेकरू

विद्वांसांचा प्रोग्रॅम कुणालाच उघडता येईना.
म्हणजे चालायचा, ठणठणीत;
पण ज्या मजकुरातून तो घडला
तो त्यांच्या सहकारनगरातल्या कॉम्प्युटरबरोबर
भंगारात गेला, त्यांच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात.

मार्केट यार्डात, बलदोटांच्या गुळाच्या आडतीवर
अठरा वर्षं त्याला एकच काम:
काट्याची तार ऐकायची,
थरथरणारा आकडा थांबेस्तोवर थांबायचं,
बारदान वजा करायचं,
आणि सांगायचं.

मला नवी खिडकी बांधायची होती.
पावत्या, उधारी, कर, शेतकऱ्याच्या फोनवर मेसेज,
सगळं एका चौकटीत, बलदोटांच्या धाकट्या सुनेला हवं तसं.
"काटापण नवाच लिहा," ती म्हणाली.
लिहिला. तीनदा.
माझा आकडा दर वेळी घाई करायचा;
ढेप अजून डुलत असायची
आणि हा बोलून मोकळा.
लिंबाजी हमाल स्क्रीनकडे बघत म्हणाला,
"ताई, ह्याला कळ काढता येत नाही."

मग ठरवलं, राहू दे विद्वांसांनाच.
माझ्या खिडकीत उजवीकडे, खाली,
एक खोबण कोरली,
दोनशेवीस ठिपके रुंद, नव्वद उंच.
त्यांच्या खिडकीचा नंबर शोधून काढला
आणि तिची आई बदलली, एका ओळीत.
(दत्तकविधानाला याहून जास्त तांदूळ लागतात.)
ती आली.
वरची निळी पट्टी, किनार, बंद करायची फुली
चपलांसारखी बाहेर काढून.

चूल मात्र वेगळी.
तिच्या आठवणी तिच्याकडे, माझ्या माझ्याकडे,
मधल्या भिंतीच्या फटीतून फक्त चिठ्ठ्या:
जरा सरक.
आता तुझी पाळी.
ही कळ तुझ्या नावानं आली होती, घे.

पहिले चार दिवस कळांवरूनच भांडण.
बलदोटा शेतकऱ्याचं नाव टाइप करायचे,
अक्षरं पडायची काट्याच्या पोटात.
दौंडचे एक शितोळे
अख्खेच्या अख्खे बारदानाच्या रकान्यात गेले
आणि वजा झाले.
मी फटीशी बसून चिठ्ठ्या मोजल्या.
एक उलटी जात होती.

नंतर गुरुवार. सकाळचे पावणेसात.
खोबणीतला चौकोन राखाडी झाला.
बाकी खिडकी उभी.
पावत्या जागच्या जागी, उधारी जागच्या जागी,
आतला पडला तर बाहेरचा पडू नये
म्हणून तर वेगळी चूल, असं मीच
सुनेला कागदावर चौकोन काढून समजावलं होतं,
आणि शब्दन् शब्द तसं घडलं,
आणि मला काही बरं वाटलं नाही.
एवढ्या मोठ्या चौकटीत
सगळ्यांचे डोळे त्या तेवढ्या राखाडीवर.
लिंबाजीच्या पाठीवर ढेप.
त्याच्या मागे सहा जण, सहा ढेपा.
गाळ्याच्या तोंडाशी टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.

मी त्याला पुन्हा उठवलं.
आजवर तो आधी बाहेर जागा व्हायचा,
तोंड धुऊन झालं की मग मी आत घ्यायचे.
या वेळी घाईत थेट खोबणीतच उठला,
आणि जे मी कधी पाहिलं नव्हतं ते
त्या दोनशेवीस बाय नव्वदमध्ये उमटलं,
त्यांच्या त्या जाड, जुन्या अक्षरात,
पूर्णविरामासकट:

काटा रिकामा करा.
मग बोला.
दि. वि.

लिंबाजीनं ढेप खाली, फरशीवर घेतली.
बलदोटांनी काट्याच्या कडेवर विसावलेला हात उचलला.
मीही, का कुणास ठाऊक,
टेबलावरचं कोपर काढून घेतलं.

शून्य आलं.
थोडं हललं.
आम्ही सगळे थांबलो,
ते थांबेस्तोवर.